अर्जदाराशी नातं

१. नोंदणीकृत पत्ता
(ब्लॉक, मजला, घर क्रमांक. एका पत्त्यावर एकच अर्ज.)

जुन्या फ्रिजचं सगळं पोट सकाळी साडेनऊपासून जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. ओल्या खोबऱ्याचे तीन डबे, इडलीचं पीठ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता, दुधाच्या दोन बाटल्या आणि मधोमध झाकलेल्या पातेल्यात श्रीखंड. गार्गीने झाकण उचलून केशर बघितलं, आणि सासूबाई आज बोलणार हे तिला कळलं.

“जेवणानंतर सांगणार?” तिने हळूच विचारलं.

“जेवताना,” सासूबाई, क्षिप्रा, म्हणाल्या. “नंतर ते झोपतात.”

गोष्ट फक्त या दोघींना ठाऊक होती. गेल्या नोव्हेंबरात बाबा, म्हणजे गार्गीचे सासरे, मत द्यायला साताऱ्याला गेले होते. त्याच आठवड्यात सासूबाईंनी सिंगापूरच्या लव्हेंडर भागातल्या सरकारी इमारतीत शपथ घेतली, निळं कार्ड परत केलं आणि गुलाबी कार्ड घेतलं. निळं म्हणजे पीआर, नुसता कायमचा रहिवासी. कितीही वर्षं राहा, निळंच. गुलाबी म्हणजे नागरिक. गार्गी तेव्हा मागच्या खुर्चीत बसली होती. कार्ड हातात आल्यावर सासूबाई खाली येऊन हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांमध्ये, बसल्या आणि त्यांनी दोन कोपी मागवल्या. त्या कधी कॉफी घेत नसत.

आठ महिने झाले. घरात एक गुलाबी कार्ड असेल तर वीज वाचवणाऱ्या वस्तूंसाठी सरकार चारशे डॉलरची व्हाउचर देतं, दोन्ही कार्डं निळी असतील तर देत नाही. गार्गीने फोनवर पायऱ्या दाखवल्या, पण शेवटचं बटण सासूबाईंनी स्वतः दाबलं. फ्रिज त्यांनीच निवडला. वीज वाचवण्याच्या तीन टिकचा, करड्या रंगाचा. तो घेणार म्हणून सांगितल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, “तुझ्या पगारातून घेतेस ना, मग मी कोण बोलणार?” आणि पुढे चार दिवस बोलत होते.

पावणेअकराला बेल वाजली. डिलिव्हरीच्या दोघांनी फ्रिज आत आणून हॉलमध्ये उभा केला, दोन तास वायर लावू नका म्हणून सांगितलं आणि कागद पुढे केला. कागद बाबांनी घेतला.

निशिकांत दिघे अठ्ठावीस वर्षं एका बँकेत इंटर्नल ऑडिटला होते. कागद ते खालून वर वाचत. खाली, एकूण रकमेच्या वरच, ती ओळ होती.

“हे चारशे कसले वजा?”

“व्हाउचर, अंकल,” दोघांतला वयस्कर माणूस म्हणाला. “गव्हर्नमेंट गिव्ह.”

“गव्हर्नमेंट आम्हाला देत नाही. आम्ही दोघं पीआर आहोत.”

“देन यू लकी लाह,” तो इथल्या हेलात म्हणाला.

“लकी कसला? दुसऱ्या कोणाचं तरी आमच्या बिलात आलंय.”

त्या माणसाने घाम पुसला. खाली लॉरीत अजून सहा वॉशिंग मशिनं होती. त्याने पेन पुढे केलं. बाबांनी सही केली, पण सहीच्या वर इंग्रजीत लिहिलं: व्हाउचरच्या वजावटीला हरकत घेऊन. मग जुना फ्रिज उचलायला वाकलेल्या दुसऱ्या माणसाला त्यांनी हाताने थांबवलं. निकाल लागेपर्यंत जुना इथेच राहील.

ते गेले. स्वयंपाकघरात जुना आणि हॉलमध्ये नवा, असे दोन फ्रिज दारातून समोरासमोर उभे राहिले. एकाची वायर काढलेली, दुसऱ्याची लावायची नाही.

गार्गीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई श्रीखंडाकडे बघत होत्या.


२. घरातील व्यक्ती
(प्रत्येकाच्या कार्डाचा रंग लिहावा.)

निशिकांत: निळा. क्षिप्रा: निळा. संपलं.

यात विचार करण्यासारखं निशिकांतांना काही दिसत नव्हतं. मुलगा तन्मय गुलाबी, पण तो लग्नानंतर पुंगोलला गेला, त्याचा पत्ता वेगळा, त्याच्या घराची व्हाउचर त्याने घेतली आणि त्यांचे दिवे आणले. त्याची छोटी अदिती गुलाबी, तीही पुंगोलची. या पत्त्यावर दोन निळी कार्डं राहतात. एकतीस वर्षांत त्यांनी एक डॉलरही चुकीच्या रकान्यात पडू दिला नव्हता. मोफत मिळालेल्या छत्र्यासुद्धा ते बँकेत परत करत. यंदा सगळ्या ब्लॉकला पैसे, व्हाउचर, सवलती वाटल्या गेल्या. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, “तुम्ही घेतलं का?” आणि निशिकांत म्हणायचे, “आम्हाला लागू नाही.” हे म्हणताना त्यांना कमीपणा वाटत नसे, उलट बरं वाटे. न घेण्यातही एक ऐट असते.

शिवाय त्यांच्या घरात सुधारणा करायची गरज नव्हती. वीजबिलावर दोन पट्ट्या येत, एक आपल्या घराची, एक शेजाऱ्यांच्या सरासरीची. निशिकांतांची पट्टी बारा वर्षं आखूड होती. हा सव्वीस वर्षांचा फ्रिज असूनही. त्याचं रबर त्यांनी स्वतः दोनदा बदललं होतं.

त्यांनी दुकानाच्या हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर पियानो वाजायला लागला.

“आजोबा, हाऊ मेनी पीपल बिफोर यू?” अदितीने विचारलं. ती सात वर्षांची होती आणि रांगा तिला आवडत.

“चौदा.”

“वाह, लाँग लाह. मी धरू फोन?”

“धर. आकडा कमी झाला की सांग.”

“बाबा, सोडा ना,” तन्मय सोफ्यावरून म्हणाला. “चूक असली तर त्यांची. ते बघतील.”

“त्यांची चूक म्हणजे कोणाचं तरी नुकसान. उद्या याच गल्लीतली एखादी आजी दुकानात जाईल, तिला सांगतील, तुझी व्हाउचर वापरली गेली. ती काय करेल?”

“कुठली आजी?”

“असेल कोणी. सिटिझन आजी. आयुष्यभर इथे राबलेली. तिचे चारशे डॉलर माझ्या हॉलमध्ये उभे आहेत.”

“ट्वेल्व्ह,” अदिती म्हणाली.

क्षिप्रा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात दुधाची बाटली होती, घाम सुटलेली. “दूध नासेल. निदान जुना तरी लावा.”

“लावतो,” निशिकांत म्हणाले, “पण नव्याला हात लावायचा नाही. वायर लावली की आपण माल स्वीकारला.”

ती बघत राहिली. एकतीस वर्षं ओळखीची ती नजर त्यांना आज नीट वाचता आली नाही. खालून वरही नाही.


३. याआधी या पत्त्यावरून कोणी अर्ज केला आहे काय?

“तू केलास?” तन्मयने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. “गार्गी, खरं सांग. आपल्या घराची व्हाउचर वापरून झालीत. मग तू कोणाची लावलीस? बाबा बरोबर बोलतायत, हा फ्रॉड आहे.”

गार्गी काकडी किसत होती. किसायची थांबली नाही. “फ्रॉड नाही.”

“या घरात सिटिझन नाही.”

“आहे.”

हॉलमधून अदितीचा आवाज आला, “टेन.”

तन्मयला एक क्षण वाटलं, बाबांनीच नागरिकत्व घेतलं असेल. गुपचूप, ऑडिटरसारखं. त्याला जवळजवळ हसू आलं. मग गार्गीने मान दाराकडे केली, जिथे आई उभी होती, आणि त्याचं हसू विरलं.

“आई? कधी?”

“नोव्हेंबर,” क्षिप्रा म्हणाली. “बाबा साताऱ्याला होते तेव्हा.”

“आणि ही होती?”

“एकटीने जायला भीती वाटली रे.”

“मला नाही सांगितलंस.” त्याचा आवाज त्याला आवडला नाही, सतरा वर्षांच्या मुलासारखा होता. “माझ्या शपथेच्या वेळी तू होतीस. बाबा आले नाहीत, तू आलीस. तू मागे बसून रडत होतीस. तुझ्या वेळी मी नको?”

“तुला सांगितलं असतं तर तू बाबांशी भांडला असतास. माझ्या बाजूने. मला ते भांडण माझंच हवं होतं.”

सैन्यातली सक्तीची दोन वर्षं दर रविवारी तन्मयचा गणवेश बाबांनी इस्त्री केला होता, बाहीची घडी सुरीसारखी. आणि शपथेच्या दिवशी ते घरी पेपर वाचत बसले होते. त्यात राग होता की अजून काही, हे त्याने बारा वर्षांत विचारलं नाही. आपल्या घरात माणसं विचारत नाहीत. अर्ज करतात.

“मग आता जाऊन सांग,” तो म्हणाला. “फोन लागायच्या आत. ते तुझीच तक्रार करतायत, आई.”

“एट,” अदिती ओरडली. “इट इज मूव्हिंग फास्ट.”

“मी सांगू का?” गार्गीने विचारलं.

“नको.” क्षिप्राने हात पुसले. पर्स फ्रिजवर असायची, आता दोन फ्रिज झाल्यामुळे तिला क्षणभर सापडेना. जुन्यावर होती. तिने आतून कार्ड काढलं. तन्मयने हात पुढे केला, तर तिने दिलं नाही, फक्त दाखवलं. फोटोत तिने मोत्याचे कानातले घातले होते. एवढी ताठ ती कुठल्याच फोटोत नव्हती, त्याच्या लग्नातल्याही.

“छान आलाय फोटो,” तो म्हणाला.

“माहितीये,” क्षिप्रा म्हणाली आणि हॉलमध्ये जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. निशिकांत चष्मा पुसत होते. ते म्हणाले, “हे बघ, त्या आजीचा विचार कर,” आणि ती म्हणाली,


४. अर्जदार

“त्या आजीला मी ओळखते.”

निशिकांतांनी चष्मा लावला. तिने कार्ड टेबलावर ठेवलं, खोबऱ्याचा डबा आणि दुधाची बाटली यांच्या मधल्या जागेत. त्यांनी ते उचललं नाही. वाकून वाचलं. आणि पहिल्यांदाच, क्षिप्राच्या लक्षात आलं, वरून खाली.

पियानो वाजत होता.

“हे तुझं आहे.”

“नाव माझं आहे, फोटो माझा आहे. माझंच असणार.”

“तारीख नोव्हेंबरची.”

“तुम्ही मत द्यायला गेला होतात. त्या आठवड्याची वेळ मिळाली. नंतरचीही मिळत होती. मी मुद्दाम तीच घेतली.”

निशिकांत खुर्चीत बसले. दर निवडणुकीला ते स्वतःच्या खर्चाने साताऱ्याला जात, गुडघा दुखत असला तरी. शाई लावलेलं बोट महिनाभर मिरवत. बँकेत लोक विचारायचे, हे काय लागलंय, आणि ते सगळं पहिल्यापासून सांगायचे. क्षिप्राला ते बोट आवडायचं. हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“म्हणजे तुझा पासपोर्ट...”

“दिला परत. डिसेंबरला आपण पुण्याला जाणार, तिकिटं काढायच्या आत सांगायचंच होतं. आज सांगणार होते. श्रीखंड केलंय.”

“श्रीखंड.” त्यांनी पातेल्याकडे बघितलं. “म्हणजे तू आता परदेशी झालीस.”

“अहो, या घरात परदेशी आता तुम्ही आहात.”

सोफ्यामागे तन्मय खोकला. निशिकांतांनी त्याच्याकडे बघितलं, मग गार्गीकडे. “तुम्हाला माहीत होतं.”

“मला होतं, बाबा,” गार्गी म्हणाली.

“मला दहा मिनिटांपूर्वी कळलं,” तन्मय म्हणाला. “मीही तुमच्याच रांगेत आहे.”

“सिक्स,” अदिती म्हणाली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

“का?” निशिकांतांनी विचारलं. मोठ्याने नाही. “मी अडवलं असतं का?”

“दोन हजार सहा साली मी दोघांचे फॉर्म आणले होते. तुम्ही म्हणालात, ज्याला व्हायचंय त्याने व्हावं, मी होणार नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकलेत आणि किल्ली फिरवलीत. ज्याला व्हायचंय त्याने व्हावं, असं म्हणालात. मला व्हायचं होतं.”

“मग अठरा वर्षं काय केलंस?”

“दोनदा अर्ज केला. दोनदा नकार आला. दोन्ही वेळा पत्र मीच पोस्टाच्या पेटीतून काढलं आणि माझ्या शाळेच्या बॅगेत ठेवलं. तुम्ही हसला असतात.”

“मी हसलो नसतो.”

“नसतात. पण बरं झालं, असं वाटलं असतं तुम्हाला. ते मला बघायचं नव्हतं.”

निशिकांतांनी नाही म्हटलं नाही. खोटं विधान ते करत नसत. क्षिप्राला या क्षणी तेच सर्वांत जास्त लागलं, आणि त्याच कारणासाठी ती पुढचं बोलू शकली.

“तुम्हाला माहितीये शाळेत सकाळी काय होतं. झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं, मग प्रतिज्ञा. चार वर्षांची पोरं मूठ छातीवर धरतात. मी त्यांना शिकवते मूठ कशी धरायची. एकवीस वर्षं शिकवते. प्रतिज्ञेचे पहिले शब्दच असे आहेत, आम्ही, सिंगापूरचे नागरिक. मी ते कधी म्हटले नाहीत. ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. मी नागरिक नव्हते ना. मुलांसमोर खोटं कसं बोलायचं? कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा एका मुलीच्या आलं. ती म्हणाली, टीचर, तुमचा आवाज का नाही येत?”

“काय सांगितलंस?”

“घसा बसलाय म्हटलं. ते खोटंच होतं. एवढं एक.”

पियानो थांबला, एका बाईने आपला फोन महत्त्वाचा आहे असं सांगितलं, आणि पियानो परत सुरू झाला. निशिकांत कार्डाच्या कडेला बोट लावून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते क्षिप्राला आता वाचता येत होतं. ते हिशेब तपासत होते. एकवीस वर्षं, दर वर्षी दोनशेवर सकाळी, आणि एकही चुकीची नोंद नाही.

“चार हजारांच्या वर सकाळी होतात,” ते म्हणाले.

“मोजल्या नाहीत.”

“मी मोजल्या.” त्यांनी चष्मा वर सारला. “आणि नोव्हेंबरनंतर?”

“मोठ्याने म्हणते. आमच्या प्रिन्सिपल म्हणाल्या, क्षिप्रा, जरा हळू.”

तन्मय हसला. गार्गीने त्याचा हात धरला आणि त्याने तो धरू दिला. क्षिप्राला ते दिसलं. त्यांच्या घरचं भांडण मिटलं असावं किंवा पुंगोलला जाईपर्यंत पुढे ढकललं गेलं असावं.

“तीन मेला,” निशिकांत अचानक म्हणाले. “शनिवारी. सुट्टी होती. तू बाजारात म्हणून गेलीस आणि दीड तासाने कोथिंबीर घेऊन आलीस. एक जुडी.”

“मत देऊन येताना घेतली.”

“दिलंस मत? कसं देतात इथे?”

“शिक्का असतो पेनासारखा. फुलीचा. मी घट्ट दाबला, कागद फाटेल म्हणून तिथला माणूस बघायला लागला.”

“कोणाला दिलंस?”

“ते सांगायचं नसतं. तुम्हाला माहितीये.”

“बरोबर,” निशिकांत म्हणाले. ते आता सरळ बसले होते. “बरोबर आहे. नसतंच सांगायचं.” मग थांबून, “मला एकट्याला इकडून तिकडे जावं लागणार दर वेळी. तू येणार नाहीस.”

“येईन की. विमानतळावर तुमची रांग वेगळी, माझी वेगळी. पलीकडे भेटू.”

“आजोबा,” अदिती दोन्ही हातांनी फोन पुढे करत म्हणाली, “समवन टॉकिंग ऑलरेडी.”


५. अर्जदाराशी नातं

पलीकडे तरुण मुलगी होती. आवाज गोड आणि थकलेला. “गुड मॉर्निंग सर, सॉरी फॉर द वेट. व्हॉट इज युअर इश्यू?”

क्षिप्राने हात पुढे केला, फोन बंद करायला. निशिकांतांनी तो तिला दिला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि बँकेतला आवाज काढला. तो आवाज तिने त्यांच्या निवृत्तीनंतर तीन वर्षांत ऐकला नव्हता.

“मिस, तुमच्याकडून आज सकाळी एक फ्रिज आलाय. बिलात चारशे डॉलरची व्हाउचर वजा आहेत. मी हरकत लिहून सही केली होती.”

“येस सर, मी बघते. बिल मिसेस क्षिप्रा दिघे यांच्या नावावर आहे. तुम्ही कोण?”

क्षिप्राने हात मागे घेतला. चौऱ्याण्णव सालापासून घरातला प्रत्येक फॉर्म त्यांच्या नावाने सुरू व्हायचा. कामाचा पास, फ्लॅट, मुलाची शाळा, तिच्या नोकरीची परवानगीसुद्धा. तिची ओळ खाली असायची, नात्याच्या रकान्यात. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिच्यासमोर फक्त स्क्रीन होता.

“मी त्यांचा नवरा,” निशिकांत म्हणाले. “पीआर. व्हाउचर माझ्या बायकोची आहेत. ती सिंगापूरची नागरिक आहे.”

“ओके सर. देन इट्स करेक्ट.”

“करेक्टच आहे. मला माहीत नव्हतं, ती चूक माझी. माझी हरकत मी मागे घेतो, ते लिहून घ्या. आणि मिस, तिला नागरिकत्व नोव्हेंबरमध्ये मिळालं. तिसऱ्या अर्जाला. दोनदा नाकारलं होतं.”

“ओह. ओके.”

“सगळे कागद तिने एकटीने केले. मी अठ्ठावीस वर्षं ऑडिटर होतो. मला कळूही दिलं नाही.”

“अहो,” क्षिप्रा म्हणाली, “ठेवा ना फोन. रांगेत लोक आहेत.”

“थांब जरा. मिस, ती शिकवते. लहान मुलांना. एकवीस वर्षं, इथेच, तोआ पायोहला. तुम्ही कुठे वाढलात? कदाचित तुम्हालाही शिकवलं असेल.”

पलीकडे मुलगी हसली. “मी बुकित पंजांगची, सर.”

“हं. मग नसेल.” त्यांनी तन्मयला बोटाने खूण केली, नव्या फ्रिजच्या वायरकडे. तन्मयने घड्याळात बघितलं, दोन तास व्हायचे होते, तरी उठून वायर सरळ करायला लागला. गार्गीने जुन्या फ्रिजवरची पर्स उचलून सासूबाईंच्या हातात दिली. कार्ड मात्र टेबलावरच राहिलं, कारण त्यावर निशिकांतांचा हात होता.

“सर,” मुलगी म्हणाली, “मला केस बंद करायला काहीतरी लिहावं लागेल. तुमची कम्प्लेंट काय लिहू?”

“कम्प्लेंट काही नाही,” निशिकांत म्हणाले. “कळवायचं होतं.”